ओहोळकाकांचं बदलीचं पत्र

अबुधाबीत कुणी नवीन मराठी माणूस भेटला आणि "वहिनी, तुम्ही कुठे जॉबला?" असं विचारलं की मी सांगायचे, "चर्चच्या ऑफिसात." पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "म्हणजे तुम्ही सिस्टर आहात?" शेजारी माझा नवरा उभा, त्याच्या कडेवर आमची पोरगी, तरी हा प्रश्न! मी म्हणायचे, "हो, आणि हे ब्रदर." त्या माणसाचा चेहरा मग बघण्यासारखा व्हायचा. वीस वर्षं मी हे काम केलं, गेल्या वर्षी रिटायर झाले, आणि मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना मी नक्की काय करायचे हे अजून माहीत नाही. या अंकाच्या संपादकांनी "कामाबद्दल लिहा" म्हटलं तेव्हा वाटलं, चला, एकदाचं सांगून टाकू. पण सगळं सांगायला बसले तर अख्खा अंक मलाच लागेल. म्हणून एकाच माणसाचं सांगते, त्यात माझं कामही कळेल आणि मी केलेला घोळही.

मुसफ्फाजवळ आमचं चर्च. इमारत एक, हॉल तीन, आणि मंडळ्या सतरा. मंडळी म्हणजे एका पंथाचा, बहुधा एका भाषेचा, एकत्र उपासना करणारा समूह. मल्याळी, तमिळ, उर्दूवाले पाकिस्तानी, फिलिपिनो, कोरियन, इंग्रज आणि एका कोपऱ्यात आमची छोटीशी मराठी. सगळे प्रोटेस्टंट, सगळ्यांचा देव एक, बायबल एक, आणि बाकी कशावर म्हणून एकमत नाही. एकाचा बाप्तिस्मा म्हणजे तान्ह्या बाळाच्या कपाळावर चमचाभर पाणी, तर दुसऱ्याचा म्हणजे जाणत्या माणसाला टाकीत डोक्यासकट बुडवून काढणं. प्रभुभोजनात भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, पण कुणी तो दर आठवड्याला घेतं, कुणी महिन्यातून एकदा. कुणाला सगळ्यांनी मिळून एकच प्याला लागतो, कुणाला खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढे वेगवेगळे. हॉलचं टाइमटेबल लावणं, टाकी भरून ठेवणं, प्याले मोजून देणं, रजिस्टरं सांभाळणं आणि दाखले देणं, हे सगळं माझ्याकडे.

टाकीचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे ऑगस्टात नळाला गार पाणी नसतंच. छतावरच्या टाकीतून जे येतं त्यात चहा टाकावा. एकदा फिलिपिनो बॅप्टिस्टांचे पास्टर सकाळी टाकीत उतरले ते उड्या मारतच बाहेर आले. "सिस्टर एस्तेर, धिस इज नॉट बॅप्टिझम, धिस इज सूप!" मग मी पळत जाऊन ग्रोसरीतून बर्फाच्या पिशव्या आणल्या. पाच दिरहमची एक पिशवी, म्हणजे सव्वाशे रुपयाचं नुसतं पाणी हो! तीन माणसं त्या बर्फात बुडून ख्रिस्ती झाली आणि बाहेर येऊन दात वाजवत गाणी म्हणाली. त्या दिवसापासून माझ्या स्टोअरच्या यादीत मेणबत्त्यांच्या खाली बर्फ लिहिलेला असायचा.

गिऱ्हाईकंही एकेक नमुना. एक गृहस्थ दोन मंडळ्यांत दोनदा बाप्तिस्मा घेऊन बसले होते. दोन्ही दाखले माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, कॅनडाला कौनसा चलेगा?" मी म्हटलं, कॅनडाचं मला ठाऊक नाही, पण वर विचारतील तेव्हा एकच दाखवा.

तर आता ओहोळकाका. यशवंत ओहोळ, माझ्यासारखेच नगर जिल्ह्यातले. जबल अलीत एका वेअरहाउसमध्ये स्टोअरकीपर. कंपनी आधी मुसफ्फात होती, नंतर जबल अलीला गेली, पण काकांनी चर्च बदललं नाही. तासाभराची वाट तुडवून, कुणाच्या तरी गाडीत मागे बसून दर रविवारी हजर. पगार असा की बायकोला आणण्याचा व्हिसा कधी जमलाच नाही. सुलोचनाकाकू गावी, काका इथे, आणि दोन वर्षांतून एकदा महिन्याची रजा. असं सव्वीस वर्षं.

मराठी मंडळीची प्रभुभोजनाची भाकर ओहोळकाका करायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी लवकर यायचे, मागच्या पँट्रीत कणीक मळायचे, बिनखमिराची जाड भाकर तव्यावर भाजायचे आणि सुरीनं तिचे बारीक चौकोनी तुकडे करून ताटात रचायचे. उपासना संपली की प्याले धुऊन पुसून कपाटात. प्रभुभोजन चालू असताना ते पँट्रीतच असत. मला वाटायचं, काय नम्र माणूस! पुढे पुढे करत नाही. हे मी दोन-तीनदा पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंना, कौतुकानं बोलूनही दाखवलं होतं.

काकांना साठ पूर्ण झाली. कंपनीनं खलास म्हणून सांगितलं आणि परतीचं तिकीट पाच आठवड्यांनी निघालं. एका रविवारी ते माझ्या खिडकीशी आले. "सलाम बाई. ते बदलीचं पत्र तेवढं देता का?"

हे पत्र म्हणजे आमच्याकडचा शाळेचा दाखला समजा. एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जाताना न्यायचं. बाप्तिस्मा कधी झाला, दृढीकरण कधी झालं, माणूस पूर्ण सभासद आहे ना, एवढं त्यात असतं. दृढीकरण म्हणजे काय तेही सांगते. आमच्या पद्धतीत बाळाचा बाप्तिस्मा आईबाप करतात. पोर चौदा-पंधरा वर्षांचं झालं की ते बारा धडे शिकतं, वडीलमंडळापुढे, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांपुढे, तोंडी परीक्षा देतं आणि सगळ्यांसमोर उभं राहून म्हणतं की आईबापांनी धरलेला हा विश्वास आता माझा आहे. पाळक डोक्यावर हात ठेवतात. त्यानंतरच प्रभुभोजन.

मी कॉम्प्युटरवर नाव टाकलं, पत्र छापलं, शिक्का मारला. दोन मिनिटांचं काम. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि पत्र हळूच माझ्याकडे सरकवलं.

"बाई, हे खोटं आहे. माझं दृढीकरण झालेलं नाही."

मी हसले. मला वाटलं, काका चेष्टा करतायत. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

ऑफिसचं दार लावून घेतलं, त्यांना बसवलं, चहा दिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पंधरा वर्षांचे असताना ते गावच्या वर्गात बसले होते. परीक्षेच्या दिवशी विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेचा जो ठरलेला मजकूर असतो, तो म्हणताना मध्येच अडकले. त्या वेळचे पाळक कडक. सगळ्यांदेखत म्हणाले, "ओहोळांचा दगड, खाली बस." पोरं हसली. यशवंता घरी गेला तो परत वर्गाकडे फिरकलाच नाही. पुढच्या वर्षी वडील वारले, मग पुणं, नोकरी, लग्न. लग्नाला बाप्तिस्म्याचा दाखला पुरला, बाकीचं कुणी विचारलं नाही. पुण्यात ड्युटीचं निमित्त सांगून वेळ निभावली. इथे पँट्री सापडली.

"आणि रजेवर जाता तेव्हा?" मी विचारलं.

"कधी पोट दुखतं म्हणायचं, कधी घंटेपाशी उभं राहायचं. ती एकटीच पुढे जाते. मी मागे बसून तिची पाठ बघतो." काका कपाकडे बघत बोलत होते. "बाई, आता कायमचा चाललोय. मरेपर्यंत पोट किती रविवार दुखवू? एकदा तिच्या शेजारी बसून ताट हातात घ्यायचंय मला. पण खोट्या पत्रावर नाही."

"काकूंना सांगितलंत कधी?"

"काय सांगू? नापास झालो म्हणून? तेहतीस वर्षं झाली लग्नाला."

ते गेल्यावर मी कपाटातलं जुनं हातानं लिहिलेलं रजिस्टर काढलं. ओहोळ, यशवंत. दृढीकरणाचा रकाना कोरा. मग कॉम्प्युटरवर "हो" कुठून आलं? उत्तर मलाच माहीत होतं. नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात मी जुनी रजिस्टरं एक्सेलमध्ये चढवली होती. त्या रकान्यात पहिल्या ओळीला "हो" लिहिलं आणि माउसनं धरून सरळ खालपर्यंत ओढत नेलं. मोठी माणसं होती सगळी, म्हटलं, झालेलंच असणार. एका मिनिटात दोनशे माणसांचं दृढीकरण केलं मी! एवढं कुठल्या बिशपलाही जमलं नसतं. आणि त्या एका "हो"मुळे वीस वर्षं कुठलाही पाळक काकांशी हा विषय काढायला गेला नाही. माझ्या रजिस्टरांचा मला केवढा तोरा होता, काय सांगू! तो त्या दुपारी उतरला.

खरं सांगते, एकदा मनात आलं की जाऊ दे, छापलेलं पत्र पाकिटात घालून देऊ, गावात कोण तपासतंय? पण ज्याला पत्र हवं तोच नको म्हणत होता. आमचे पाळकसाहेब सुट्टीवर होते, दोन दिवसांनी यायचे होते. मला काही तेवढा दम निघेना. सतरा मंडळ्या हाताशी असताना बसून कशाला राहायचं, म्हणून मी एकेक दार वाजवत सुटले.

फिलिपिनो पास्टर तर उभेच राहिले. "नो प्रॉब्लेम, सिस्टर! संडे मॉर्निंग, टँक रेडी, ब्रदर रेडी!" मी फोन करून काकांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांचे उपकार आहेत, पण नको. माझा बाप्तिस्मा झालाय. आईनं दीड महिन्याचा असताना मला मांडीवर घेऊन पाळकांपुढे धरलं होतं. परत बुडलो तर तिनं केलं ते खोटं होतं असं म्हटल्यासारखं होईल." बरं. मग इंग्लिश अँग्लिकनांचे फादर. त्यांचं मन मोठं, पण त्यांच्याकडे दृढीकरणाला बिशपच लागतो, आणि बिशप पुढच्या वसंतात येणार होते. काकांचं विमान त्याच्या कितीतरी आधी. मल्याळी ब्रदरन पंथाचे वडील, म्हणजे त्यांचे पुढारी, म्हणाले, "विश्वास आहे ना? मग आमच्याबरोबर बसा आणि भाकर मोडा, कागद कशाला?" हे मला इतकं पटलं की मी जवळजवळ हो म्हणून बसले होते. पण काकांना गावच्या त्याच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्याच रीतीनं बसायचं होतं. ज्या दारातून पळाले त्याच दारातून त्यांना आत जायचं होतं. शाळा बदलून पास होण्यात त्यांना गंमत वाटत नव्हती.

पाळकसाहेब आले. तरुण माणूस, पुण्याकडचा. मी आधी माझी चूक सांगितली. ते हसू दाबत म्हणाले, "एस्तेरताई, बाकीच्यांचंही एकदा तपासून घ्या." आमच्या मंडळीत बिशप लागत नाही, पाळक आणि वडीलमंडळ मिळून दृढीकरण करतात, ही जमेची बाजू. पण बारा धडे आणि परीक्षा सगळ्यांना सारखी. मुलांचा वर्ग चालूच होता, त्यांचे आठ धडे झालेले, चार राहिलेले. चार रविवार हातात होते, पाचव्याला सोहळा, आणि त्याच आठवड्यात विमान.

"आणि काकांचे हुकलेले आठ?" मी विचारलं.

"बारा धडे हवेत असं नियमात आहे. ते किती दिवसांत, हे कुठे लिहिलंय?" पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही घ्या."

म्हणजे शिक्षा मलाच झाली की! संध्याकाळी काका कंपनीच्या बसमध्ये बसले की मला फोन लावायचे. तिकडे बस ट्रॅफिकमध्ये अडकलेली, इकडे मी भाजी फोडणीला टाकतेय, आणि प्रश्नोत्तरं चालू. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा म्हणजे काय. समजायला काका हुशार, पण पाठांतर म्हटलं की जीव कासावीस. विश्वासांगीकार म्हणायला घेतला की नेमके त्याच जागी अडकायचे जिथे पंधराव्या वर्षी अडकले होते.

एक दिवस मात्र धडाधड अर्धा म्हणून दाखवला. मी थक्क. "काका, हे कसं?"

"इब्राहिमनं बसवलं."

इब्राहिम म्हणजे त्यांचा रूममेट, रत्नागिरीकडचा, त्याच वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा. काकांची खोलीतली पुटपुट ऐकून त्यानं विचारलं, काय चाललंय? ऐकल्यावर म्हणाला, अरे, मनातल्या मनात म्हणून कधी पाठ होतं का? लहानपणी मौलवीसाहेबांनी आमच्याकडून करून घेतलं तसं कर. मोठ्यानं म्हण आणि पुढे-मागे डुल, अंगात बसलं पाहिजे. आणि मग रोज जेवण झालं की तो मराठी पुस्तिका हातात धरून बसायचा. मला फोनवर त्याचा आवाज ऐकू यायचा. "थांब ओहोळ! मधली ओळ गिळलीस. परत पहिल्यापासून, यल्ला, चल!"

रविवारी वर्गात सहा पोरं. सगळी इथेच वाढलेली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. साठीचे काका त्यांच्यात जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले तेव्हा रिया नावाच्या पोरीनं थेट विचारलं, "अंकल, आर यू द टीचर?"

"नाही बाळा. मी मागच्या वेळी नापास झालो होतो."

"व्हेन वॉज दॅट?"

"पंचेचाळीस वर्षांपूर्वी."

पोरं जी हसली! पण ते हसणं वेगळं होतं. त्यांना असा माणूस कधी भेटलाच नव्हता जो मोठा असून आपण नापास झालो हे तोंडानं सांगतो. वर्ग संपेपर्यंत काका त्यांचे पुढारी झाले होते.

परीक्षेला वडीलमंडळातले तिघे बसले. तिघेही काकांचे जुने दोस्त, त्यामुळे ते काकांपेक्षा जास्त घामाघूम. मी कोपऱ्यात वही घेऊन. मुलांची झाली, मग काका उभे राहिले. विश्वासांगीकार सुरू केला आणि त्याच जागी येऊन थांबले. एसीचा आवाज तेवढा. माझ्या हातातलं पेन घामानं ओलं झालं. मी मनात म्हणत होते, देवा, आता नको रे.

काकांनी डोळे मिटले. मग ते पुढे-मागे डुलायला लागले. पहिल्यापासून, मोठ्या आवाजात, डुलत डुलत त्यांनी सुरू केलं, आणि ती जागा आली आणि गेली, आणि ते शेवटच्या आमेनपर्यंत जाऊनच थांबले. वडीलमंडळाला कळेना की काकांना चक्कर येतेय की आत्मा आलाय. मी आणि पाळकसाहेब मात्र खाली मान घालून हसत होतो आणि रडतही होतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या, परीक्षेत वाजवायच्या नसतात तरी.

सोहळ्याच्या रविवारी नवे कपडे घातलेली सहा पोरं आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले काका एका ओळीत गुडघ्यांवर होते. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. उठताना काकांचे गुडघे कुरकुरले तेव्हा रियानं हात दिला. मग ताट फिरलं. भाकर अर्थातच काकांनीच सकाळी येऊन केली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, बराच वेळ चावत राहिले. मला भरून आलं. मी जवळ गेले तर कानाशी हळूच म्हणाले, "बाई, ही वातड झालीय की हो! नेहमी अशीच व्हायची?"

"नेहमी," मी म्हटलं.

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

वीस वर्षं त्या माणसानं भाकर केली आणि एक कणही चाखला नव्हता. तो अधिकार आपला नाही म्हणून.

पत्र मी या वेळी हातानं लिहिलं. दृढीकरणाच्या रकान्यात त्या रविवारचीच तारीख टाकली. काका बघत होते. मी विचारलं, "काका, गावात पाळक हे सगळ्यांसमोर वाचतात. लोक हसतील, चालेल ना?"

"हसू देत," ते म्हणाले. "पोरंही हसली होती. काय झालं?" पण पत्र त्यांनी खिशात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. लोकांचं नव्हे, काकूंचं भय होतं ते. तेहतीस वर्षं लपवलेलं आता घरात जाऊन सांगायचं होतं.

विमान गेलं. दोन आठवडे काही कळलं नाही. मी रोज फोन बघायचे. मग एका सोमवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"एस्तेरबाई का? मी ओहोळांची सुलोचना बोलते."

"काकू, सलाम. काका बरे आहेत ना?"

"बरे आहेत की. काल माझ्या शेजारी बसले होते. ताट आलं ते आधी त्यांनी माझ्यापुढे धरलं, मग स्वतः घेतलं." काकू थांबल्या. मला वाटलं रडतायत. मग लक्षात आलं, त्या हसत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अहो बाई, तेहतीस वर्षं! माणूस ताटापासून पळतोय म्हणजे काहीतरी पाप असणार, असं सगळं गाव समजतं. मी काय समजत होते सांगू? मला वाटलं, पुण्यात असल्यापासूनच यांची दुसरी बाई आहे. आधी पुण्यात, मग तिकडे दुबईला. भीतीनं विचारलं नाही कधी. विचारलं आणि हो म्हणाले तर? रोज रात्री तिच्यासाठीसुद्धा प्रार्थना करायचे मी, मेलीला सुखी ठेव पण यांना परत पाठव म्हणून. आणि निघालं काय, तर पाठांतर!"

मी गॅससमोर उभी राहून हसत होते आणि पदरानं डोळे पुसत होते.

"आता रोज सकाळी म्हणायला लावते," काकू म्हणाल्या. "अंगणात उभे राहून, डुलत डुलत. एक शब्द चुकला तरी चहा नाही. थांबा, ऐका." आणि त्यांनी फोन दाराबाहेर धरला.